६१ गुणांची ती आणि ७० ची अट

सल्ला मागायला आलेलं हे पत्र बरंच लांब होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गाभा इथे देते आहे.

"मी ३४ वर्षांचा आहे. लग्न करायचं हे पक्कं आहे आणि त्यासाठीच सोळा महिन्यांपूर्वी दोन डेटिंग अ‍ॅप्सवर प्रोफाइल काढली. आतापर्यंत २३ जणींना भेटलो. उगाच कुणाचाच वेळ जाऊ नये म्हणून लग्न कधीपर्यंत, मुलं हवीत का, नोकरीसाठी दुसरीकडे जायची तयारी आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून घेतो. घरी आल्यावर एका एक्सेल शीटमध्ये गुण भरतो. चौदा कॉलम आहेत, प्रत्येकाला वेटेज आहे. ७० च्या खाली आली तर पुढे जायचं नाही, असा नियम. आजवर दोघींना ७० च्या वर मिळाले. एकीने दुसऱ्या भेटीनंतर रिप्लाय देणं बंद केलं, दुसरीबरोबर मलाच कंटाळा आला. महिन्यापूर्वी आणखी एक जण भेटली. तीन भेटी झाल्या. तिसऱ्या वेळी वेटर खुर्च्या उलट्या ठेवायला लागला तेव्हा कळलं की चार तास झालेत. पण शीटमध्ये तिला ६१. मेसेजला ती उशिरा उत्तर देते, आणि लग्नाचं विचारलं तर म्हणाली, 'करायचं आहे, पण तारीख आधी ठरवून माणूस शोधायला मी निघालेली नाही.' मित्र म्हणतो, अ‍ॅपवर सगळा टाइमपास असतो, तू जागाच चुकलास. इतर चौघींशी चॅट चालू आहे. या एकीबरोबर पुढे जाऊ की थांबू? ता. क. शीटबद्दल तिला सांगावं का?"

तुमचं पत्र वाचताना मी दोनदा हसले आणि एकदा थांबले. थांबले ती उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांपाशी. चौदा कॉलम आखताना तुम्ही शिक्षणापासून रिप्लायच्या वेगापर्यंत सगळ्याचा विचार केलात, पण घड्याळाकडे लक्षच गेलं नाही अशा संध्याकाळीला किती गुण द्यायचे, ते मात्र ठरवलं नाहीत. नंतर ती संध्याकाळ कुठे भरायची हे कळेना, म्हणून ती शीटऐवजी पत्रात आली.

आधी तुमच्या मित्राचं बोलू, कारण ते लवकर आटोपेल. अ‍ॅपवर टाइमपास करणारे भरपूर असतात, हे खरं आहे. लग्न झालेले असतात, नुकतंच ब्रेकअप झालेले असतात, रात्री झोप येत नाही म्हणून अंगठा फिरवणारे असतात. पण तिथे लग्न जुळतच नाही, हे खरं नाही. मायकेल रोझेनफेल्ड या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या जोडप्यांना तुम्ही कसे भेटलात हे विचारलं होतं. २०१७ मध्ये एकत्र आलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी साधारण ३९ टक्के ऑनलाइन भेटले होते. मित्रांमार्फत ओळख होण्याचा तिथला पहिला नंबर तोवर गेला होता. त्याच्या आधी, २०१३ मध्ये, जॉन कॅसिओपो आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१२ या काळात लग्न केलेल्या एकोणीस हजारांवर लोकांची पाहणी केली. त्यातली एक तृतीयांशाहून जास्त लग्नं ऑनलाइन ओळखीतून झालेली होती आणि ती लग्नं इतरांपेक्षा कमी टिकली असंही दिसलं नाही. या पाहणीला पैसा एका मॅचमेकिंग कंपनीचा होता, तेव्हा तिच्यावर जरा हातचं राखूनच विश्वास ठेवा. तरी एवढं नक्की म्हणता येईल की जागा चुकलेली नाही.

मात्र ती जागा नेमकं काय करते, ते समजून घ्यायला हवं. अ‍ॅप ओळख करून देतं आणि तिथे त्याचं काम संपतं. माझी भाची सुट्टीत माझ्याकडे आली होती. सोफ्यावर माझ्या शेजारी बसून माझ्याशी गप्पा मारता मारता ती अ‍ॅपवरचे फोटो डावीकडे-उजवीकडे सरकवत होती. मी सहज मोजलं, तर एका मिनिटात अकरा माणसं गेली. अकरावा कुत्र्याबरोबर उभा होता. "मावशी, कुत्रा छान आहे," म्हणत तिने त्यालाही घालवला. मला तिच्यात दोष दिसला नाही. समोर अशी न संपणारी चळत ठेवली तर कुणाचाही हात तसाच चालेल. तुमचा हात तसा चालू नये म्हणून तुम्ही शीट केलीत. हेतू चांगला होता, पण शीटनेही तेच केलं. फरक इतकाच की मिनिटात अकरा नाकारण्याऐवजी तुम्ही सोळा महिन्यांत एकवीस नाकारल्यात, आणि हिशेब लिहून ठेवलात.

आता त्या शीटकडे येते. तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे. माणसाचे गुण सुटे सुटे मोजले, त्यांची बेरीज केली, की आपलं तिच्याशी जमेल का ते कळतं, असं तुम्ही धरून चाललात. हे तुम्हा एकट्याला वाटतं असं नाही, अ‍ॅप कंपन्याही हेच विकतात. एली फिंकेल आणि सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये या दाव्यांची तपासणी केली. आमचं सूत्र तुमच्यासाठी योग्य जोडीदार शोधतं, या म्हणण्याला भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. पुढे २०१७ मध्ये सामंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि फिंकेल यांनी तुमच्यापेक्षा मोठी शीट केली. स्पीड डेटिंगला आलेल्या लोकांकडून स्वभाव, आवडीनिवडी, अपेक्षा अशा शंभरावर गोष्टी आधी भरून घेतल्या आणि सगळं संगणकाला दिलं. एखादी व्यक्ती साधारणपणे किती चोखंदळ आहे किंवा किती जणांना आवडेल, याचा थोडाफार अंदाज त्याला आला. पण या विशिष्ट माणसाला ही विशिष्ट बाई आवडेल का, ते सांगता आलं नाही. शंभर कॉलमना जे जमलं नाही ते चौदांना जमेल, अशी अपेक्षा मी धरणार नाही.

शीट फेकून द्या, असं मात्र मी म्हणत नाही. तिच्यातले तीन-चार कॉलम फार कामाचे आहेत. मुलं हवीत का, हा त्यातला पहिला. एकाला हवीत आणि दुसऱ्याला नकोत, यात मधला मार्ग नसतो, अर्धं मूल होत नाही. कुठे राहायचं, कर्ज किंवा पैशाची मोठी जबाबदारी आहे का, दारू-सिगारेटबद्दल तुम्हाला काय चालतं, धर्म-श्रद्धेचा आग्रह कितपत आहे, हेही त्यातच येतं. पण या प्रश्नांची उत्तरं हो किंवा नाही अशी असतात. तिथे ७ पैकी ५ गुण देऊन पुढे जाता येत नाही आणि दुसऱ्या कॉलममध्ये भरपाईही होत नाही. ७० च्या वर गेलेल्या ज्या बाईबरोबर तुम्हाला कंटाळा आला, तिला उंची, शिक्षण आणि रिप्लायचा वेग यांत घसघशीत गुण मिळालेले असणार, अशी माझी अटकळ आहे.

रिप्लायच्या वेगाला किती वेटेज आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण ६१ आणि ७० मधलं अंतर बहुतेक तिथेच पडलं असावं. तो कॉलम आजच काढून टाका. मेसेजला चटकन उत्तर देणारा माणूस त्या क्षणी फोन हातात घेऊन बसलेला असतो, एवढंच त्यातून कळतं. तिच्याबद्दल काही मोजायचंच असेल तर वेगळं मोजा. भेटीची वेळ ठरली की ती येते का? येता आलं नाही तर स्वतःहून दुसरा दिवस सुचवते का? मागच्या वेळी तुम्ही सांगितलेलं तिच्या लक्षात आहे का? महिन्याभरात ती तीनदा आली आणि तिसऱ्यांदा चार तास बसली. मेसेजचं उत्तर ती उशिरा देत असेल, पण वेळ द्यायला मागेपुढे पाहत नाही.

उलटही सांगते, कारण मला येणाऱ्या पत्रांत याचा उलट प्रकार जास्त असतो. सकाळी 'गुड मॉर्निंग', रात्री दोनपर्यंत चॅट, आणि भेटायचं म्हटलं की ऑफिस, पाहुणे, ताप. दोन-तीन महिने हेच चालतं आणि पत्र लिहिणारी म्हणते, आम्ही एकमेकांना आतून-बाहेरून ओळखतो. जोसेफ वॉल्थर या संवादाच्या अभ्यासकाने १९९६ मध्येच मांडलं होतं की नुसत्या लिखित बोलण्यात आपण समोरच्याच्या रिकाम्या जागा स्वतःच्या मनाने भरतो, आणि त्या नेहमी छानच भरतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते हेच. मॅच झाल्यावर, म्हणजे अ‍ॅपवर दोघांनी एकमेकांना पसंत केल्यावर, चार-सहा दिवस बोलावं, एक व्हिडिओ कॉल करावा आणि दोन-तीन आठवड्यांत भेटून घ्यावं. एका गावात नसाल तर व्हिडिओ कॉल वाढवा, पण भेटीची तारीख अधांतरी ठेवू नका.

आता तिच्या त्या वाक्याकडे येते. ते वाक्य तुम्हाला टाळाटाळ वाटलं. मला तसं वाटत नाही. "करायचं आहे" हा त्याचा पहिला भाग आहे, आणि तो तुम्ही जवळजवळ वाचलाच नाही. पहिल्या-दुसऱ्या भेटीत एखादी बाई "हो, मार्चपर्यंत" म्हणाली असती तर मला जास्त काळजी वाटली असती, कारण ते 'हो' तिच्या कॅलेंडरला असतं, तुम्हाला नसतं. तुम्हीही बहुतेक तसंच विचारलं असणार, लग्न कधीपर्यंत करायचंय म्हणून. असं विचारलं की समोरची व्यक्ती उमेदवार होते आणि मग उमेदवारासारखीच उत्तरं देते. न सांगता गायब झालेल्या, म्हणजे तुम्हाला 'घोस्ट' करणाऱ्या त्या ७० च्या वरच्या बाईने कदाचित मुलाखतीत चांगली कामगिरी करून नोकरी नाकारली असेल.

याचा अर्थ लग्नाचा विषय लांबवावा असा अजिबात नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांची अ‍ॅपवर कमतरता नाही. लग्न हवं असतं, पण बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या स्वतःच्या ओळखीत, 'बघू, काय होतं ते' असं लिहितात, कारण खरं लिहिलं तर मॅच कमी होतात. होतातच. जे कमी होतात ते पुढे गळणारच होते, त्यांनी तुमचे चार महिने वाचवले. बहुतेक अ‍ॅप्सवर हल्ली नात्याकडून काय हवंय ते निवडायची सोय असते. ती रिकामी सोडू नये. तुम्ही हे पहिल्यापासून स्वच्छ लिहिलंत, त्याबद्दल तुम्हाला पैकीच्या पैकी. बदलायची आहे ती विचारायची रीत. आधी स्वतःचं सांगा, मग गप्प बसा. "मी इथे लग्नाचा जोडीदार शोधायला आलोय. घाई नाही, पण दिशा तीच आहे. तुझं काय?" इतकं पुरतं. यातून टाइमपासवाला कळायचा तो कळतोच. तो "आत्ताच कशाला लेबल लावायचं" म्हणतो, आणि पुन्हा विचारलं तरी तेच म्हणतो. दुसऱ्यांदा तेच उत्तर आलं की तिसऱ्यांदा विचारू नये.

इतर चौघींशी चॅट चालू आहे, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. सुरुवातीला समांतर बोलणं यात गैर काही नाही, अ‍ॅपवर सगळे तेच करतात आणि सगळ्यांना ते माहीत असतं. पण तीन भेटींनंतर त्या चौघी तुमच्या नात्यात येऊन बसतात. तिने उशिरा उत्तर दिलं की तुम्ही दुसरी खिडकी उघडता, तिथे लगेच कुणीतरी हसतं, आणि तिचा उशीर जास्त मोठा दिसायला लागतो. पुढच्या सहा आठवड्यांसाठी त्या चौघींना नीट निरोप द्या. गायब होऊ नका. "एका व्यक्तीशी ओळख पुढे जाते आहे, म्हणून थांबतो. शुभेच्छा." दोन ओळी लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही. तुम्हाला घोस्ट केलं तेव्हा कसं वाटलं होतं, ते आठवतच असेल. अ‍ॅप डिलीट करायची घाई नको, प्रोफाइल 'पॉज' करता येते. आणि तसं केल्याचं तिला सांगा. तिच्यावर उपकार केल्यासारखं मात्र सांगू नका. "मी सध्या बाकी कुणाशी बोलत नाही. तू काय करायचं ते तुझं तू ठरव."

सहाच आठवडे का म्हणते? जेफ्री हॉल या अमेरिकन प्राध्यापकाने मैत्री व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचा प्रयत्न केला. अनोळखी माणूस साधा मित्र व्हायला अंदाजे ५० तास आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त, असा त्याचा हिशेब निघाला. मैत्रीचा आकडा लग्नाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण तुमच्या तीन भेटी म्हणजे फार तर आठ-नऊ तास, आणि एवढ्यावर तुम्ही निकाल लावायला बसलात. पी हळद हो गोरी, असं होत नसतं. सहा आठवड्यांत तीस-चाळीस तास सहज मिळतील. आणि ते सगळे समोरासमोर बसून बोलण्यात घालवू नका. समोरासमोर बसलं की तुमच्यातला मुलाखतकार जागा होतो. एकत्र काहीतरी काम करा. तिला खरेदी करायची असेल तर बरोबर जा, रांगेत उभे राहा, बस चुकवा, पत्ता शोधताना भटका. वैतागल्यावर ती कशी बोलते आणि तुम्ही कसे बोलता, ते तिथेच दिसेल. तिच्या मित्रमैत्रिणींना भेटा, 'अ‍ॅपवर सगळा टाइमपास' म्हणणाऱ्या तुमच्या मित्रालाही भेटवा. एकदा ती आजारी असेल, एकदा तुमचा दिवस वाईट जाईल, तेव्हाचं बघा. एकदा भांडण होईल. ते झालं नाही तर सातव्या आठवड्याची वाट बघा, कारण पहिलं भांडण बघितल्याशिवाय लग्नाचं बोलू नये, या मताची मी आहे.

त्याच काळात ते हो-नाहीचे प्रश्न एकेक करून येऊ द्या, एका बैठकीत सगळे नकोत. पैशाचा विषय लोक सगळ्यात शेवटी काढतात. तो मध्येच काढा. पगार किती यापेक्षा महिनाअखेर काय उरतं, कुणाला पैसे पाठवावे लागतात, कर्ज आहे का, हे जास्त सांगून जातं. आधी तुमचं सांगा.

हे पत्र इतरही वाचणार, म्हणून सावधगिरीचं थोडं बोलते. प्रोफाइलवर लोक थोडंसं खोटं लिहितात, त्याने दचकू नये. कॅटालिना तोमा, जेफ्री हॅनकॉक आणि निकोल एलिसन यांनी २००८ च्या अभ्यासात ८० जणांना बोलावून त्यांची उंची आणि वजन खरोखर मोजलं, वयाचा पुरावा पाहिला. दहापैकी आठ जणांनी तीनपैकी एका तरी बाबतीत थाप मारली होती, पण बहुतेक थापा लहान होत्या. दोन सेंटिमीटर उंची माफ करता येते. लपवलेलं लग्न माफ करता येत नाही. नाव-नोकरी एवढं तरी भेटीआधी स्वतंत्रपणे पडताळावं, तोच फोटो इंटरनेटवर दुसऱ्या कुणाच्या नावाने आहे का ते शोधून बघावं. पहिली भेट चार माणसांच्या जागी ठरवावी, जायची-यायची सोय स्वतःची ठेवावी आणि कुठे, कोणाला भेटतोय हे एका व्यक्तीला माहीत असावं. हे पुरुषांनाही लागू आहे. न भेटलेल्या माणसाने पैसे मागितले, किंवा पैसे न मागता गुंतवणुकीची छान संधी दाखवली, तर तिथेच ब्लॉक आणि रिपोर्ट. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ या एका वर्षात प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या सुमारे सत्तर हजार तक्रारी आल्या आणि बुडालेली रक्कम १.३ अब्ज डॉलर होती. त्यात शिकलेली, शहाणी माणसं भरपूर होती. व्हिडिओ कॉलवर यायला जो तिसऱ्यांदा कारण सांगतो, त्याचं कारण ऐकतही बसू नये.

तुमच्या बाबतीत यातला कुठला धोका मला दिसत नाही. म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर सरळ देते. पुढे जा. लग्न ठरवायचं म्हणून नाही, चौथ्या भेटीला जायचं म्हणून. सहा आठवड्यांनी एखाद्या हो-नाहीच्या प्रश्नावर तुमचं जुळत नाही असं दिसलं, तर दुःख होईल, पण ते खऱ्या कारणाचं असेल. आणि तिलाही तुमच्याबद्दल ठरवायचं आहे, हे पूर्ण पत्रात एकदाही आलेलं नाही. तुम्ही २३ जणींना गुण दिलेत. त्या २३ जणी घरी जाऊन आपापल्या मैत्रिणींना काय म्हणाल्या असतील, याचा एकदा विचार करून बघा. चौथ्या भेटीच्या आधी तेवढा गृहपाठ पुरे.

राहिला ताजा कलम. शीटबद्दल सांगायचं का? सांगा, पण चौथ्या भेटीत नको. ती तुमच्या एखाद्या विचित्र सवयीवर मोकळेपणाने हसायला लागली की मग सांगा, आणि सगळी शीट दाखवू नका, त्यात इतर बावीस जणींची नावं आहेत. ती आधी पुसा. स्वतःचे गुण तिने विचारलेच तर खरे सांगा, ६१. आणि कुठल्या कॉलममध्ये कमी पडले ते तिने विचारलं, तर रिप्लायचा वेग म्हणा आणि फोन उलटा ठेवून तिचं काय म्हणणं आहे ते ऐका.